पाणी कमरेवर गेलं की तिर्री दश्शीला भारी

मी बनवलेल्या पत्त्यांच्या गेमचा डेमो स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, गेल्यापासून कंपनीतले, सोसायटीतले, लग्नात भेटणारे सगळे एकच विचारतात, कसं केलं रे, कोर्स कुठला केला, पैसे किती मिळाले. कोर्स कुठलाच नाही, आणि पैसे अजून एक रुपया नाही, उलट गेलेत. म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढावं म्हणजे प्रत्येकाला परत परत सांगायला नको.

मी नाशिकच्या अंबडला एका टूलरूममध्ये सीएनसी प्रोग्रामिंग करतो, राहायला पाथर्डी फाटा. म्हणजे कॉम्प्युटरशी संबंध आहे पण तो मशीन चालवणाऱ्या जी-कोडशी, गेमशी नाही. २०२० मध्ये कंपनी बंद होती तेव्हा मित्राने स्ले द स्पायर हा पत्त्यांचा कॉम्प्युटर गेम दिला आणि मी त्यात जो अडकलो तो अडकलोच, आई जेवायला हाक मारायची आणि मी म्हणायचो एवढा मजला संपवून येतो, आणि तो मजला काही संपायचा नाही.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅजिक नावाचा पत्त्यांचा गेम १९९३ मध्ये आला, त्यात तुम्ही गड्डी घरूनच जुळवून आणायची आणि मग खेळायचं. २००८ मध्ये डोमिनियन आला, डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा, त्यात उलटं केलं, सगळ्यांना सारखीच १० पानं द्यायची, ७ तांब्याची नाणी आणि ३ जमिनीचे तुकडे, आणि गड्डी खेळता खेळताच बांधायची. गड्डी बांधणं हाच खेळ. स्पायरने ते उचललं आणि त्याला आरपीजीत घातलं, म्हणजे एक हिरो, वाटेत राक्षस, प्रत्येक मारामारी जिंकली की तीन पानं समोर येतात त्यातलं एक घ्यायचं, मेलात की सगळं पहिल्यापासून. दोन जणांनी सुरू केलेली कंपनी, नोव्हेंबर २०१७ ला अर्धवट गेम विकायला काढला आणि जानेवारी २०१९ ला पूर्ण केला. मधल्या काळात लोक कसे खेळतात, कुठलं पान घेतात, कुठलं सोडतात याचे आकडे जमवून त्यावरून पानं नीट करत राहिले. हे मला फार आवडलं कारण आमच्याकडे पण तसंच असतं, शंभर पार्ट काढा, मोजा, टूलचा ऑफसेट बदला, परत काढा.

तर मी पण सुरू केलं. गोडो इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घेतलं कारण ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्याची भाषा आठवड्यात जमते. (आता तर स्पायरचा दुसरा भागच गोडोत बनलाय, त्यामुळे माझी निवड बरोबर होती असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, निवडताना मला काही माहीत नव्हतं.) सात-आठ महिने सेकंड शिफ्ट करून येऊन रात्री बसायचो आणि एक गेम झाला, त्यात ड्रॅगन, एल्फ, जादूगाराचा मनोरा, ७४ पानं. मित्र पुण्याहून दिवाळीला आला होता, कॉलेज रोडला कॉफी प्यायला बसलो, त्याला लॅपटॉप दिला. दहा मिनिटं खेळला. म्हणाला, "अरे हा स्पायरच आहे की. फक्त चित्रं वाईट आहेत."

खरं तेच होतं. एल्फ काय, मनोरा काय, माझ्या सात पिढ्यांत कोणी एल्फ पाहिलेला नाही. कित्येक महिने लॅपटॉपला हात लावला नाही.

मग गणपतीत आत्याकडे पंचवटीत गेलो होतो. आमची आत्या म्हणजे मेंढीकोटची मास्तर, वय ७१, समोरच्याच्या हातात कुठली पानं उरलीत हे तिला तिसऱ्या हाताला कळतं. तिच्याशी खेळताना पार्टनरने चुकीची उतारी केली तर ती काही बोलत नाही, फक्त चष्म्यावरून बघते, ते जास्त लागतं. तर मला वाटलं हिला दाखवावं. लॅपटॉप ती बघणार नाही म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापल्या. पत्रिकेचा कागद जाड असतो, एका बाजूला गणपती छापलेला आणि दुसऱ्या बाजूला स्केचपेनने मी लिहिलेलं "प्रहार ६", "बचाव ५". सुरुवातीची १० पानं तिच्या पुढ्यात टाकली, नियम सांगितले, एका वेळी पाच उचलायची, तीन खेळायची, उरलेली टाकून द्यायची.

ती म्हणाली, "टाकून का द्यायची? हातात धरून ठेवली तर?"

"तसं नाही आत्या, दर वेळी नवीन पाच येतात."

"मग हातात पान धरून ठेवण्यात काय मजा राहिली. अख्खा खेळ तर त्याच्यावर असतो."

बरं म्हटलं, खेळ. चार डाव खेळली. पाचव्या डावाला नवीन पान निवडायचं होतं आणि एक जुनं पान गड्डीतून कायमचं काढायची सोय होती, तर तिने प्रहार ६ काढून टाकलं. पुढच्या वेळी परत प्रहार ६ काढलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे चष्म्यावरून बघायला लागली.

"हे पान कशाला आहे रे?"

"मारायला."

"आणि हे नवीन?"

"ते पण मारायलाच. जास्त."

"मग हे दिलंसच कशाला? फेकायलाच ना?"

आता ही गोष्ट या प्रकारचे गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, स्पायरमध्ये सुद्धा पहिल्या हिरोला ५ स्ट्राइक, ४ डिफेंड आणि १ बॅश मिळतात, आणि चांगला खेळणारा संधी मिळेल तशी स्ट्राइक काढत जातो, गड्डी बारीक म्हणजे चांगली पानं लवकर हातात. ते चुकीचं आहे असं नाही, त्यात पण कसब आहे. पण आत्याच्या हिशेबाने पत्त्यांत फालतू पान नसतंच. मेंढीकोटमध्ये हुकमाची दुर्री समोरच्याचा एक्का कापते. दुर्री-तिर्री म्हणून आपण माणसाला शिवी देतो पण खेळताना दुर्री जपून ठेवतो. आणि डोमिनियनमध्ये पण ते जमिनीचे तुकडे हातात आले की काही कामाचे नसतात, अडगळ असते नुसती, पण शेवटी मोजायला बसल्यावर जिंकवतात तेच. म्हणजे मूळ गेमला हे माहीत होतं, मलाच दिसलं नव्हतं. घरी येताना गाडीवर हेच डोक्यात, फालतू पान फालतू का नसावं.

उत्तर मला सापडलं नाही, पावसाने दिलं. पुढच्या वर्षीचा पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि फोनवर एकच फोटो फिरत होता, दुतोंड्या मारुतीचा. बाहेरच्यांना सांगायला लागेल, गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ एक मोठा मारुती उभा आहे, दोन्हीकडे तोंड असलेला, आणि नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही, मारुतीवर मोजतो. धरणातून किती विसर्ग झाला तो आकडा पेपरात येतो पण घरात विचारणार ते "दुतोंड्याच्या कुठवर आलं?" गुडघ्याला म्हणजे ठीक, चहा पिऊन बघायला जाऊ. कमरेला म्हणजे घाटावरच्या टपऱ्या उचलल्या. छातीला आलं की सराफ बाजारवाले माल वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. डोक्यावरून गेलं की २००८, २०१९ अशी वर्षं लोक सांगायला लागतात. मी पण होळकर पुलावर जाऊन उभा होतो गर्दीत, आणि शेजारी एक बाई पोराला सांगत होती की बघ, आता फक्त डोकं दिसतंय. तिथे डोक्यात आलं की अरे हे तर मीटर आहे. सगळ्या गावाला पाठ असलेलं, कोणाला शिकवावं न लागणारं मीटर, आणि मी इकडे एल्फचं मनगटी घड्याळ काढत बसलोय.

एल्फ त्याच रात्री गेले. नवीन गोष्ट अशी की दर पुराला नदीखाली बुडालेलं एक शहर उघडतं आणि एक नावाडीण त्यात उतरते, खाली पाणभुतं, जखिणी, सोन्याच्या हंड्यावर बसलेले नाग. पात्रात दोन तोंडांचा एक दगडी पुरुष उभा (मारुतीला मी गेममध्ये मारुती म्हटलेलं नाही, आईने ताकीद दिली होती की देवाला गेममध्ये आणायचं नाही), त्याच्यावर सहा खुणा, पाऊल, गुडघा, कंबर, छाती, गळा, डोकं. डोक्यावरून पाणी गेलं की तुम्ही गेलात. आणि आत्याचं ऐकून हातातली पानं धरून ठेवायची परवानगी दिली, पण तीनपेक्षा जास्त धरलीत की पाणी एक खूण चढतं. लोभाची किंमत.

पण फालतू पानाचा प्रश्न तसाच होता. तो सोडवला आमच्याच खात्यातल्या एकाने, तो सावंतवाडीचा. कॅन्टीनमध्ये मी रडगाणं गात होतो तर तो म्हणाला तुझ्या त्या गेममध्ये गंजिफा का नाही घेत. गंजिफा म्हणजे सावंतवाडीचे हाताने रंगवलेले गोल पत्ते, एवढंच मला माहीत होतं, शोभेच्या दुकानात फ्रेम करून लावलेले असतात. त्याने सांगितलं की दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंत. आणि गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, आणि उरलेल्या निम्म्यांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात खाली. माझा वडापाव हातातच राहिला. म्हटलं परत सांग. मग त्याने अजून एक सांगितलं की दिवसा खेळत असाल तर पहिली उतारी रामाची आणि रात्री खेळत असाल तर कृष्णाची. हे दुसरं मी तेव्हा सोडून दिलं, ते नंतर येईल.

तर नियम असा झाला. प्रत्येक पानावर एक ते दहा आकडा. पाणी कमरेखाली असेल तर जेवढा आकडा तेवढा घाव. कमरेवर गेलं की अकरातून वजा. दश्शीचा घाव एक, तिर्रीचा आठ. म्हणजे सुरुवातीला मिळालेल्या दुऱ्या-तिऱ्या ज्याने आधीच फेकून दिल्या तो पूर आल्यावर हात चोळत बसणार. लिहायला एक ओळ लागली. एक ओळ! मागचे सात-आठ महिने मी काय करत होतो देव जाणे.

आता इथे सगळं जमलं असं वाटेल. जमलं नव्हतं. परत लग्नपत्रिका कापल्या, या वेळी लॅपटॉप उघडायचाच नाही असं ठरवलं होतं, आणि जो भेटेल त्याला खेळायला बसवायला लागलो. रविवारी मिसळ खायला जातो त्या चौघांना, सोसायटीतल्या अकरावीतल्या पोराला, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत. पहिल्या दहा-बारा जणांनी एकच केलं, पाणी चढूच दिलं नाही. बांध नावाची पानं गोळा केली आणि गुडघ्यावर पाणी धरून निवांत दश्श्या मारत बसले. तिर्री परत फालतू. म्हणून धरण आणलं. दर चार खेळींनी वरून विसर्ग होतो, तुमच्या बांधाला न जुमानता, पण दोन खेळी आधी भोंगा वाजतो आणि किती खुणा चढणार ते दिसतं. हे आधी दिसणं फार महत्त्वाचं आहे, स्पायरमध्ये पण राक्षस पुढे काय करणार ते त्याच्या डोक्यावर दिसतं आणि निम्मा गेम त्यावर उभा आहे. न सांगता पाणी सोडलं तर लोक चिडतात, सांगून सोडलं तर स्वतःवर चिडतात. दुसरं चिडणं चांगलं.

मग अकाउंट्सच्या साहेबांनी गेम मोडला. हे गृहस्थ आयुष्यात व्हिडिओ गेम खेळलेले नाहीत, रमी खेळतात. डबा खाऊन झाल्यावर बसले, तीन डाव गप्प खेळले, चौथ्या डावापासून फक्त पंज्या आणि छक्क्या घ्यायला लागले. मी म्हटलं साहेब काय करताय. म्हणाले, "अकरातून पाच गेले सहा, अकरातून सहा गेले पाच. पाणी वर असो का खाली, मला काय फरक पडतो?" आणि खरंच काही फरक पडत नव्हता. धरण, भोंगा, दोन तोंडांचा पुरुष, सगळं वाहून गेलं, साहेब मधल्या पानांवर बसून ढेकर देत जिंकले.

यावर मी तीन आठवडे घालवले. आधी वाटलं पंजी-छक्की गड्डीतून काढूनच टाकू, पण एक ते दहामध्ये मधलंच भोक पडलेलं बघवत नव्हतं. मग त्यांना महाग करून बघितलं, एका खेळीत जो तीन दम मिळतो (दम म्हणजे पानं खेळायची ताकद) त्यातला दोन दम पंजीला, तर ते नुसतंच त्रासदायक झालं, खेळणारा विचारायचा का महाग आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी कंपनीत एक जॉब बघताना सुचलं, कडक मटेरियल असलं की हलका कट घेऊन उपयोग नसतो, टूल नुसतं घासतं. तसं राक्षसांना कवच दिलं. कवच चारचं असेल तर प्रत्येक घावातले चार जातात. पंजीचा उरला एक, छक्कीचे दोन, पण योग्य वेळी मारलेल्या दश्शीचे सहा उरतात आणि पुरात मारलेल्या दुर्रीचे पाच. मधलं पान मेलं नाही, छोट्या बिनकवचाच्या पाणभुतांवर ते अजून सगळ्यात भरवशाचं आहे, पण त्याच्यावर अख्खा डाव काढता येत नाही. साहेबांना परत बसवलं. अर्ध्या तासाने म्हणाले, "आता बरं आहे. आता हरायला होतं." हे मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

त्यानंतर लॅपटॉप उघडला. एक बॉट लिहिला, म्हणजे आपोआप डाव खेळणारा प्रोग्राम, अगदी मठ्ठ, समोर दिसेल ते सगळ्यात मोठ्या घावाचं पान मारणारा, आणि रात्री थर्ड शिफ्टला जाताना त्याला दहा हजार डाव खेळायला लावून जायचो, सकाळी आकडे बघायचे. एका सकाळी आलो तर लॅपटॉपचा पंखा बोंबलतोय आणि बॉट रात्रभर एकाच डावात. "दोर" नावाचं पान होतं, टाकलेल्या पानांतून एक पान परत वर ओढायचं, फुकटात. बॉटकडे दोन दोर आले होते. पहिला दोर दुसऱ्याला ओढतो, दुसरा पहिल्याला, आणि असे हे दोघं आठ तास एकमेकांना विहिरीतून वर काढत बसलेले. समोरची जखीण बिचारी वाट बघत उभी. दोर खेळला की तो आता वाहून जातो, परत गड्डीत येत नाही.

हा "वाहून जातो" शब्द मिळायला पण वेळ गेला. मला पानावरची भाषा मराठीच हवी होती. ड्रॉ म्हणजे उचला, डेक म्हणजे गड्डी, एनर्जी म्हणजे दम, ब्लॉक म्हणजे बांध, हे सोपं होतं. पण एक्झॉस्ट म्हणजे काय? आधी "नष्ट" लिहिलं होतं, सरकारी नोटीस वाटायची. पुराचा गेम आहे म्हटल्यावर पान वाहूनच जाणार ना, पण हे सुचायला बॉटची ती रात्र लागली. फॉन्टचं वेगळंच. एक फुकटातला पिक्सेल फॉन्ट आवडला म्हणून घेतला आणि त्यात "दुर्री"चा रफार र च्या पुढे जाऊन पडायचा, "दुर् री". गोडो ४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवतात पण फॉन्टमध्येच ती घडवलेली नसतील तर इंजिन तरी काय करणार. शेवटी "मुक्त" नावाचा फॉन्ट घेतला, "एक टाइप" या फॉन्टवाल्यांचा, तो वापरायला खुला आहे. पिक्सेलचा शौक गेला पण दुर्री वाचता येते.

चित्रं मावसबहिणीने काढली, पैसे देऊन, कमी दिले पण दिले. तिचीच कल्पना रहाडीची. या प्रकारच्या गेममध्ये मध्येच एक शेकोटी असते, तिथे थांबून जखमा भरायच्या नाहीतर एखादं पान सुधारायचं. ती म्हणाली पाण्याखालच्या शहरात शेकोटी कशी पेटणार, रहाड कर. रहाड म्हणजे जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळापासूनचे जमिनीत बांधलेले हौद, वर्षभर बुजवलेले असतात, त्यावरून गाड्या जातात, आणि रंगपंचमीला उघडून रंगाचं पाणी भरतात आणि माणसं त्यात धप्पकन उड्या मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तर गेममध्ये तुम्ही एक पान रहाडीत बुडवता आणि ते कुठल्या रहाडीत बुडवलं त्याप्रमाणे रंग घेऊन वर येतं, पिवळं झालं तर पाण्याचा परिणाम होत नाही, लाल झालं तर दुप्पट होतो. तीन वेळा बुडवलं तर कागद फाटतो. माझ्या अख्ख्या गेममध्ये लोकांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही, आणि ती माझी नाही.

स्टीमवर टाकायचा भाग थोडक्यात उरकतो कारण तो कंटाळवाणा आहे, पण कोणी करणार असेल तर उपयोगी पडेल. एका गेमला १०० डॉलर भरायचे, मला साडेआठ हजारांच्या आसपास पडले, आणि गेमने १००० डॉलरचा धंदा केला तर ते परत मिळतात. माझ्या कार्डवर परदेशी व्यवहार बंद होते, ते आधी चालू करून घ्या. मग अमेरिकेचा कराचा फॉर्म, त्यात पॅन नंबर टाकून भारत-अमेरिका करार लावला तर तिकडच्या विक्रीतून ३०% ऐवजी १५% कापतात. माझं गाडं नावावर अडलं. पॅनवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. पासबुकावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. आणि मी फॉर्ममध्ये तिसऱ्याच पद्धतीने लिहिलं होतं, वडिलांचं नाव गाळून. चूक माझीच, पण हे तिघं एकच माणूस आहेत हे सिद्ध करायला तीन आठवडे आणि बँकेच्या चार चकरा गेल्या. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला काढता येत नाही आणि "लवकरच येत आहे" हे पान निदान दोन आठवडे लावून ठेवावं लागतं, मला घाई नव्हती म्हणून त्याचं काही वाटलं नाही.

डेमोत एक नावाडीण, ९६ पानं, तीन मोठे राक्षस. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. इंग्रजीतून खेळणाऱ्या एकाने विचारलंय की तो दोन तोंडांचा माणूस कोण, दुसऱ्याने लिहिलंय की पानांवर मजकूर फार आहे, तो आहेच. आणि एका नाशिककराने लिहिलं की पाणी छातीला आल्यावर नारोशंकराची घंटा वाजायला पाहिजे होती. बरोबर आहे त्याचं, वसईहून आणलेली एवढी मोठी घंटा रामेश्वराच्या देवळात पुराची वाट बघत टांगलेली आहे आणि मी भोंग्याचा आवाज इंटरनेटवरून उतरवून वापरलाय. पुढच्या वेळी घाटावर जाऊन रेकॉर्ड करणार आहे, कोणी वाजवू दिली तर.

आत्याला टॅबवर दिला. बोट लावून पान ओढायला तिला पंधरा मिनिटं लागली आणि त्यानंतर ती दोन तास उठली नाही. पहिला मोठा राक्षस तिने मला जमत नाही अशा पद्धतीने मारला, पाणी मुद्दाम गळ्यापर्यंत येऊ दिलं, हातात सहा दुऱ्या-तिऱ्या धरून. मग चष्म्यावरून बघत म्हणाली ठीक आहे पण पहिली उतारी कोणाची ते कोण ठरवतं? मी म्हटलं कॉम्प्युटर ठरवतो, कसंही. ते तिला पटलं नाही. तेव्हा मी तिला गंजिफाचा तो दिवसा राम रात्री कृष्णवाला नियम सांगितला, आणि चूक केली. आता तिचं म्हणणं हे पाहिजेच. देव आणायचे नाहीत म्हणून मी तो नियम नदीवर नेला, दिवसा पहिलं पान खेळणाऱ्याचं, रात्री पहिलं पान नदीचं. लॅपटॉपचं घड्याळ बघून ठरवायचं, सोपं आहे, अर्ध्या तासाचं काम.

फक्त संध्याकाळी साडेसहाला डाव सुरू केला आणि मध्येच अंधार पडला तर काय, इथे अडकलोय. सात वाजता रात्र धरली तर मे महिन्यात चांगला उजेड असतो. सूर्यास्ताची वेळ काढायची तर गेमला खेळणारा कुठल्या गावात बसलाय ते विचारावं लागतं, ते कोणी सांगत नाही आणि विचारू पण नये. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर आत्यालाच फोन लावला.

"त्यात काय विचारायचं," ती म्हणाली, "दिवा लावला की रात्र."

तर आता स्क्रीनच्या कोपऱ्यात एक समई आलीये, मावसबहिणीने कालच पाठवली, वात जरा तिरकी आहे. ती पेटवायची का नाही ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पेटवून मुद्दाम नदीला पहिलं पान देण्यात काही फायदा आहे का, ते बघायला आज रात्री बॉट लावून शिफ्टला चाललोय.